ट्रँटरची उजवी बाजू

ट्रँटरची गाडी उजव्या अंगाने सव्वा इंच लांब असते, हे हेल्सबरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाहेरच्या माणसाला ते आपणहून सांगायचं नाही, एवढाच काय तो गावाचा नियम. घेणारे गाडी घेत, वेल्सच्या डोंगरात नेऊन भन्नाट पळवत, दोन-चार वर्षांत कुठल्या तरी दगडी कुंपणाला दार घासत आणि नवं दार मागायला पत्र लिहीत. मग कारखान्यातून उलट पत्र जाई : डावं की उजवं ते कळवा, गाडीचा नंबर कळवा, आणि जमलं तर गाडीच घेऊन या. एका गाडीचं दार दुसरीला बसल्याचं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

हा सव्वा इंच आला भांडणातून. जोसाया आणि केलेब ट्रँटर हे सख्खे भाऊ, दोघेही अव्वल सुतार, आणि दोघेही असे हट्टी की एकाच देवळात जाऊन वेगवेगळ्या चालीवर प्रार्थना म्हणत. १९२१ साली त्याच देवळामागच्या शेडमध्ये दोघांनी पहिली गाडी बांधायला घेतली. खालचा लोखंडी सांगाडा उभा राहीपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग कबुतरावरून बिनसलं. जोसायाचं शर्यतीचं कबूतर केलेबच्या मांजराने खाल्लं, असं जोसायाचं म्हणणं. मांजर त्या दिवशी घराबाहेरच पडलं नव्हतं, असं केलेबचं. बोलणं बंद झालं, पण काम बंद ठेवणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. गाडीच्या मधोमध ताडपत्री टांगली गेली. जोसायाने डावी बाजू बांधली, केलेबने उजवी. कागदावर नकाशा काढायची दोघांनाही सवय नव्हती. प्रत्येकाने आपापली एक लांब काठी घेतली आणि तिच्यावर मापांच्या खाचा पाडल्या.

चार महिन्यांनी ताडपत्री काढली, तेव्हा उजवी बाजू सव्वा इंच पुढे. "तुझी आखूड आहे," केलेब म्हणाला. "तुझी लांब आहे," जोसाया म्हणाला. चार महिन्यांत दोघे एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्यं. कापायला कोणीच तयार होईना. शेवटी त्यांच्याकडचा जाणता सुतार पार्जेटर कंटाळला. त्याने उजवीकडचं सगळ्यात खालचं लांब लाकूड मधोमध तिरकं कापलं, दोन्ही टोकं एकमेकांवर सरकवून सांगाड्याच्या भोकांना जुळवली आणि चार लाकडी खुंट्या ठोकून टाकल्या. वरच्या अंगाचा सव्वा इंच मात्र तसाच राहिला. त्या सांध्याला गावात भावांचा सांधा म्हणू लागले. पुढे भाऊ बोलू लागले, म्हातारे झाले, गेले. सांधा राहिला, काठ्या राहिल्या, आणि एकोणपन्नास वर्षं प्रत्येक गाडी त्या दोन काठ्यांवरच बांधली गेली.

आणखी एक पद्धत पडली. खुंट्या ठोकण्याआधी, त्या गाडीला हात लागलेला प्रत्येक जण सांध्याच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने आपलं नाव लिही. सगळ्यात शेवटी मालकाचं नाव. मग सांधा मिटायचा आणि ती नावं परत कोणाला दिसायची नाहीत. आधी जोसायाचं नाव असे. नंतर त्याच्या मुलाचं, क्लेमेंटचं. दोन वर्षांपूर्वी क्लेमेंटला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि तेव्हापासून ती शेवटची जागा रिकामी सुटू लागली.

कारखाना आता क्लेमेंटची मुलगी चालवत होती. ॲव्हरिल ट्रँटर, वय चौतीस, कॉव्हेंट्रीत इंजिनिअरिंग शिकलेली, अविवाहित, आणि गावाच्या मते जरा जास्तच सरळ बोलणारी. माल तीच मागवायची, गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. पण सांध्यात नाव लिहा, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणे. वाटत होतं, चांगलंच वाटत होतं.

त्यात तो कायदा आला. नव्या वर्षापासून प्रत्येक नमुन्याची एक गाडी ताशी तीस मैलांनी काँक्रीटच्या भिंतीवर आपटून दाखवायची. आदळल्यावर स्टीअरिंग पाच इंचांपेक्षा जास्त मागे आलं, तर बसणाऱ्याची छाती गेली असं धरायचं आणि ती गाडी विकायला बंदी. मोठ्या कंपन्या अशा दहा-दहा गाड्या आपटून बघत. ट्रँटरांना वर्षात साठ गाड्या बांधताना नाकी नऊ येत. त्यांना एकच आपटता येणार होती.

शहरातल्या एका बड्या कंपनीचा माणूस ऑक्टोबरात येऊन गेला होता. त्यांना कारखाना नको होता, माणसं नको होती; फक्त ट्रँटर हे नाव आणि बॉनेटवरचा बिल्ला हवा होता. नाताळपर्यंत उत्तर द्या, म्हणाला. जाता जाता सुतारखात्याकडे बघून हसला : "लाकडाची गाडी भिंतीवर? काड्या गोळा करायला टोपली न्या."

ॲव्हरिलने हे घरी वडिलांना सांगितलं. क्लेमेंट खिडकीशी बसला होता. झटक्यापासून त्याला एकेक शब्द ओढून आणावा लागे, आणि ट्रँटरांच्या स्वभावाप्रमाणे तो त्यापेक्षा गप्प राहणं पसंत करी.

"विकू या का, डॅड?"

"हं," क्लेमेंट म्हणाला. त्यातून हो की नाही ते कळेना. तिने परत विचारलं नाही. हल्ली ती फारसं विचारतच नसे, आणि त्याची तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर लाज वाटे.

तिने ठरवलं, गाडी पास करायची. पंधरा दिवस खपून तिने ट्रँटर गाडीचा पहिला नकाशा काढला. दोन्ही बाजू सारख्या. उजवीकडचं खालचं लाकूड अखंड, सांधा बाद. तिरकं कापून खुंट्या मारलेली जागा म्हणजे सांगाड्यातली सगळ्यात कमजोर जागा, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि ती नेमकी चालवणाऱ्याच्या पायाखाली होती. नकाशाची एक प्रत तिने चाचणी केंद्राला पाठवली आणि दुसरी घेऊन शेडमध्ये आली.

एनॉक पार्जेटर हा त्या जुन्या पार्जेटरचा मुलगा आणि आता सुतारखात्याचा प्रमुख. बासष्ट वर्षांचा, खांद्याने रुंद, टोपी फक्त झोपताना काढणारा. त्याने नकाशा हातात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"छान काढलंय," तो म्हणाला.

"छान म्हणायला नाही आणला. अशी बांधायची आहे. अठरा दिवसांत. रंग नको, चामडं नको, सतरंजी नको. नुसता सांगाडा, पत्रा आणि इंजिन."

शिवणखात्याची नेस्टा बेलिस तोंडातल्या टाचण्या काढत पुढे आली. "म्हणजे उघडीच पाठवायची?"

"भिंतीवर आपटायची आहे, नेस्टा. लग्नाला नाही न्यायची."

"आपटायची असली म्हणून काय झालं? गावाबाहेर जातेय ना? लोक बघतील."

"तिथे लोक नसतात. मोजपट्टी घेतलेला एक माणूस असतो."

"मग तो बघेल," नेस्टा म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात घातल्या.

ॲव्हरिलला वाटलं, विषय संपला. तिथेच ती चुकली. आठव्या दिवशी ती शेडमध्ये आली, तर पत्र्यावर अस्तराचा रंग. विचारलं तर म्हणाले, गंजेल म्हणून. अकराव्या दिवशी वरचा रंग चढला होता, पिकल्या आलुबुखारासारखा गडद, आणि तोसुद्धा एक हात नव्हे. सोळाव्या दिवशी नेस्टा आणि तिच्या बाया सीटवर हाताने दुहेरी शिलाई घालत होत्या. त्या दिवशी मात्र ॲव्हरिलच्या डोक्यात तिडीक गेली. तुम्हाला माणसांची भाषा कळते की नाही, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. एक्केचाळीस माणसं खाली मान घालून उभी राहिली आणि ती गेल्यावर पुन्हा कामाला लागली. जी गाडी पुढच्या बुधवारी चक्काचूर व्हायची, तिच्या बिल्ल्याला पॉलिश करत एक जण संध्याकाळपर्यंत बसला होता.

या रागाच्या भरात तिने सीट उचलून खालचं लाकूड तेवढं पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी नऊला ती आणि एनॉक चाचणी केंद्राच्या फाटकात पोचले. गाडी ट्रकवर, ताडपत्रीखाली. एनॉकच्या कोटाच्या एका खिशात फडक्यात बांधलेलं पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मटण भरलेली जाडजूड कचोरी, आणि काखेत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"हे काय आणलंय?"

"काठ्या."

"काठ्यांचं इथे काय काम?"

"शेडमध्ये एकट्या ठेवून कसं येणार?" एनॉक म्हणाला. तिने कपाळाला हात लावला.

केंद्राचे तपासनीस ड्यूहर्स्ट हे शिडशिडीत, पांढऱ्याशुभ्र कॉलरचे गृहस्थ. ताडपत्री निघाली तेव्हा त्यांनी रंगावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिस ट्रँटर, आमच्याकडे गाड्या कच्च्याच येतात. कधी कधी त्यांना दारंही नसतात."

"आमच्याकडे समजावून सांगूनही लोकांच्या लक्षात येत नाही," ती म्हणाली. एनॉकने कौतुक ऐकावं तसं ते ऐकलं.

ड्यूहर्स्टांनी नकाशा टेबलावर पसरला, मोजपट्टी काढली आणि गाडीभोवती फिरू लागले. डावीकडे माप घेतलं, खूण केली. उजवीकडे घेतलं, थांबले, परत घेतलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा घेतलं.

"ही गाडी उजव्या बाजूने सव्वा इंच जास्त आहे."

ॲव्हरिलने एनॉककडे पाहिलं. एनॉक आकाशाकडे पाहत होता.

"पाच मिनिटं द्या," ती ड्यूहर्स्टांना म्हणाली आणि एनॉकला बाही धरून ट्रकच्या आडोशाला घेऊन गेली.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"काठीने."

"मी कागद दिला होता, एनॉक."

"दिला होता. दोन दिवस बसलो की त्याच्यावर. हात चालेना. कापायला करवत लावली तर वाटायचं, दुसऱ्याच कुणाची गाडी कापतोय."

"आणि सांधा?"

"सांधापण आहे."

ती ट्रकच्या पायरीवर बसली. या आधीच्या कुठल्याच गाडीचा विचार केला नव्हता इतका विचार तिने या एका गाडीचा केला होता, आणि तिच्यात नेमकी ती कमजोर जागा जशीच्या तशी होती. गाडी परत न्यावी, तर पुढची तारीख फेब्रुवारीची. एक जानेवारीपासून विक्री बंद. नाताळनंतर नाव विकत घेणाराही उरणार नाही. आणि आज आपटावी, तर खुंट्या तुटून स्टीअरिंग चालवणाऱ्याच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पाठीतून बाहेर येणार. एक्केचाळीस घरं होती. नेस्टाचा नवरा, तिचा जावई, दोघेही शेडमध्येच होते.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" तिचा आवाज चढला नाही, ती त्याच्या पलीकडे गेली होती.

एनॉक तिच्या शेजारी पायरीवर टेकला. "मिस ॲव्हरिल, एक विचारू? मालकांनी चौतीस साली गाडी पुलावर ठोकली, ते ऐकलंय ना तुम्ही?"

"बदकं आडवी आली ते? दर नाताळला ऐकते."

"बदकांचं सगळे सांगतात. बदकांना काय झालं नाही. मालकांना बाहेर काढलं मी. दगडी पूल, गाडी चाळीसवर. पुढचं सगळं अंग चेपून चहाच्या डब्याएवढं झालेलं. आणि मालक आपले सीटवर बसून बदकांना शिव्या देतायत. स्टीअरिंग जागच्या जागी. छातीवर ओरखडा नाही." त्याने खिशातलं पोर्क पाय काढून पाहिलं आणि परत ठेवलं. "तुमचा जन्म छत्तीसचा. तेव्हा स्टीअरिंग मागे आलं असतं, तर आज माझ्यावर ओरडायला तुम्ही नसता, पोरी."

"आणि लाकूड? लाकडाचं काय झालं होतं?"

"खुंट्या तुटल्या. पुढचा तुकडा मागच्या तुकड्यावरून सरकून गेला. एकावर एक, पत्ते सरकवतात तसे. मागचा जागचा हालला नाही."

चौतीस वर्षं ॲव्हरिल ही गोष्ट ऐकत आली होती आणि दर वेळी बदकांना हसत आली होती. लाकडाचं काय झालं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. आता डोक्यात आकडे आपोआप मांडले जाऊ लागले. अखंड लाकूड असतं, तर भिंतीचा सगळा दणका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ गेला असता, आणि त्या टोकाला स्टीअरिंगची आडवी पट्टी होती. सांधा असला की खुंट्या आधी तुटणार, दणक्याचं बळ तिथे खर्ची पडणार, आणि पुढचा तुकडा पट्टीला न ढकलता बाजूने निघून जाणार. कमजोर जागा होती, हे पुस्तकाचं खरं होतं. कुठेतरी कमजोर जागा असायलाच हवी होती, एवढंच पुस्तकात नव्हतं. तिचं शिक्षण आणि तिचं घराणं पहिल्यांदाच एका सुरात बोलत होतं, आणि मांजराने खाल्लेल्या एका कबुतराचे उपकार मानायची तिच्यावर वेळ आली होती.

ती उठून ड्यूहर्स्टांकडे गेली.

"नकाशा आणि गाडी जुळत नाही, म्हणून तुम्ही परत पाठवणार?"

"नियम तसा आहे. कागदावरची गाडी आणि जमिनीवरची गाडी एकच हवी."

"कोणती बदलायची हे नियमात लिहिलंय?"

ड्यूहर्स्टांनी विचार केला. ते न्यायी गृहस्थ होते, आणि असला प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारला होता. "नाही. तसं लिहिलेलं नाही. मात्र नकाशा माझ्यापुढे, मापासकट, निर्मात्याच्या सहीचा हवा. साडेबाराला भिंतीची पाळी दुसऱ्याची आहे." मग म्हणाले, "अकराला चहा येतो. टेबल मोकळं आहे."

पुढचे दोन तास हेल्सबरीत अजून सांगतात. ॲव्हरिल टेबलावर वाकलेली, कोट काढून खुर्चीवर टाकलेला. एनॉकने फ्लॅनेल सोडून दोन काळपट काठ्या बाहेर काढल्या आणि एकेका खाचेवर अंगठा ठेवत मापं वाचून दाखवू लागला. "दाराचा मागचा खांब. डावा. एकोणीस आणि एक अष्टमांश." ती रेघ ओढी. "उजवा. वीस आणि तीन अष्टमांश." ती निमूट दुसरी रेघ ओढी, पहिलीशी न जुळणारी. डाव्या काठीवर आजोबांच्या, जोसायाच्या खाचा, बारीक, नेटक्या. उजवीवर केलेबच्या खाचा खोल आणि रागीट. दोघांना मिळून एका कागदावर कोणी बसवलं नव्हतं. ती बसवत होती. आपण काढलेली ती सरळ, सारखी, सुंदर गाडी आता कधीच बांधली जाणार नाही, हेही तिला कळत होतं. हा कागद पास झाला की ट्रँटर कायम वाकडीच. तिने नाक ओढलं आणि भावांचा सांधा चारही खुंट्यांसकट काढला.

चहा आला. तोवर ड्यूहर्स्ट खुर्ची जवळ ओढून काठ्या बघत बसले होते. एनॉकने पोर्क पायचे तीन तुकडे केले. ड्यूहर्स्टांनी कामावर असताना काही घ्यायचं नसतं असं सांगितलं आणि मोठा तुकडा उचलला.

"इथे सही. निर्माता म्हणून."

कागदोपत्री मालक अजून क्लेमेंटच होता. पेन हातात घेऊन ती क्षणभर थबकली. मग तिने लिहिलं : ए. ट्रँटर. पहिल्यांदाच कुठल्या गाडीवर लिहिलं, आणि तीही अर्ध्या तासात मोडायची गाडी.

पुतळा गाडीत बसवला. एनॉकने आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि कपाळावर नीट ओढली. त्याचं पांढरं टक्कल ॲव्हरिलने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "थंडी आहे," तो म्हणाला. ड्यूहर्स्टांनी टोपी काढायला लावली नाही.

तारेने ओढलेली गाडी लांबून निघाली. आलुबुखारी रंग उन्हात लकाकत होता, बिल्ला चमकत होता, चाकं गरगर फिरत होती. इतकी देखणी गाडी भिंतीकडे जाताना त्या भिंतीनेही पाहिली नसेल. एनॉकने तोंड फिरवलं. ॲव्हरिलने डोळे उघडे ठेवले, कारण कुणीतरी बघायला हवं होतं. आवाज इतका मोठा झाला की तो पोटात ऐकू आला. मग एक चाक आपलं आपलं गडगडत निघालं, सावकाश गोल फिरलं आणि आडवं पडलं.

ड्यूहर्स्ट मोजपट्टी घेऊन आत वाकले. एकदा मोजलं. चष्मा पुसला. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला त्यांनी आपल्या मदतनिसाला बोलावलं.

"किती?" ॲव्हरिलने विचारलं.

"दोन इंच आणि सात अष्टमांश."

"पाच चालतं ना?" एनॉक म्हणाला.

"पाच चालतं. गेल्या महिन्यात एका फार मोठ्या कारखान्याची गाडी चार इंच आणि तीन चतुर्थांशावर पास झाली, तर त्यांनी शँपेन उघडली." ड्यूहर्स्टांनी वही काढली. "तुमची गाडी पास आहे, मिस ट्रँटर. अहवालात या सांध्याचं नाव लिहावं लागेल. काय म्हणता तुम्ही याला?"

"भावांचा सांधा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ड्यूहर्स्टांनी ते नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात सरकारी वहीत लिहून घेतलं. एनॉक मोडक्या गाडीकडे गेला, पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि आपल्या डोक्यावर घातली.

मग त्याने हाक मारली. "मिस ॲव्हरिल, जरा इकडे या."

दार निखळून पडलं होतं. सीटखालचं लाकूड उघडं पडलेलं. चारी खुंट्या स्वच्छ तुटल्या होत्या, पुढचा तुकडा मागच्यावरून हातभर सरकला होता, आणि एरवी कुणाला दिसायचं नाही ते आतलं अंग दिवसाउजेडी समोर होतं. पेन्सिलीची नावं, ओळीने. नेस्टा बेलिस. तिचा जावई. रंगाचे चौघे. बिल्ला पुसणारा. एनॉक पार्जेटर. आणि सगळ्यात खाली, दोन वर्षं रिकामी सुटणाऱ्या जागेवर, वाकडीतिकडी, पहिलीतल्या मुलाने गिरवावी तशी मोठाली अक्षरं : ए. ट्रँटर.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मालक आले होते. तीन रविवार. नेस्टाच्या जावयाने खुर्ची ढकलत आणलं. कागद बघितला, म्हणाले, चांगला आहे, पण काठीवर बांधा. हा सांधा त्यांनी केलाय, सगळा. पटाशी डाव्या हातात. मी नुसतं लाकूड धरून होतो. एक खुंटी बसवायला तास लागला, पण हात लावू देईनात."

"मला का नाही सांगितलं?"

"बोलायला त्रास होतो ना त्यांना. म्हणाले, भिंत सांगेल."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "पण त्यांनी स्वतःचं नाव का नाही लिहिलं?"

"मीपण तेच विचारलं," एनॉक म्हणाला. "तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, चाळीस वर्षं काम करतोस आणि पद्धत माहीत नाही? शेवटी मालकाचं नाव लिहायचं असतं."

ॲव्हरिल तिथेच, काचांच्या चुऱ्यात, लाकडाला डोकं टेकून रडली. ड्यूहर्स्ट पाठ करून मोजपट्टी गुंडाळत राहिले. ती गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला.

केंद्रातून तिने कारखान्यात फोन केला. दोन इंच आणि सात अष्टमांश, एवढंच सांगितलं, बास. दुपारी सव्वादोनला हेल्सबरीचा भोंगा वाजला, जो एरवी पाचशिवाय वाजत नसे, आणि वाजवणाऱ्याने तो बंद करायचं नावच घेतलं नाही. ट्रक गावात शिरला तेव्हा लोक दोन्ही बाजूंना उभे होते. ताडपत्री घालायची नाही, असं एनॉकने बजावलं होतं. चेपलेली, फाटलेली, आलुबुखारी गाडी सगळ्यांना दिसत गेली आणि लोक टोप्या उडवत राहिले. नेस्टाने आधी सीट पाहिली. एकही टाका उसवला नव्हता. बड्या कंपनीच्या माणसाला पत्र लिहायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. त्यात टोपलीचा उल्लेख होता म्हणतात.

क्लेमेंट फाटकात चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी. ॲव्हरिल ट्रकमधून उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. काय काय बोलायचं ते तिने सगळ्या वाटेत ठरवलं होतं. त्यातलं काहीच बाहेर येईना.

"तुमचं अक्षर भयंकर आहे, डॅड," ती म्हणाली.

क्लेमेंटने शब्द शोधला. एनॉक, नेस्टा, सगळी शेड थांबून राहिली.

"डाव्या... हाताचं आहे," तो म्हणाला. "दोन्ही बाजू... सारख्या कशा येतील?"

मग त्याने घोंगडीखालून डावा हात बाहेर काढला. हातात सुतारी पेन्सिल होती, नुकती तासलेली. आत शेडमध्ये पुढच्या गाडीचा सांधा खुंट्यांसाठी उघडा पडून होता. ॲव्हरिलने पेन्सिल कानामागे खोचली, खुर्ची वळवली आणि वडिलांना घेऊन आत गेली.